कपाटाखालची फरशी

आमच्या जुन्या कचेरीचा जिना इतका लांब आहे, की नवा कारकून खालून चढायला लागला तर वर पोचेपर्यंत त्याची बढती झालेली असते. घुमटातला प्रतिध्वनी तर महाआळशी. सकाळी शिंकलात तर तो जेवणं झाल्यावर परत येतो, तोही नाक ओढत. आणि मोठ्या दालनाच्या छतावर तराजू धरलेली ती बाई आहे ना, ती ज्या चिताऱ्याने काढली तो उंचीला भ्यायचा. परांचीवर चढलं की त्याला घेरी यायची. शेवटी त्याने अख्खं छत डोळे मिटून रंगवलं. म्हणून तिचा एक डोळा तराजूकडे आहे आणि दुसरा दरवाजाकडे, कोण उशिरा येतंय ते बघायला.

असलं काय काय मी आयुष्यभर सांगत आले. घरातले सगळे सरावलेत. आमच्याकडे एक नियमच पडून गेलाय. माझ्या गोष्टीत घोडा आला की समजायचं, आता बाईसाहेब सुटल्या, आणि आपापल्या कामाला लागायचं. मला तो नियम माहीत आहे, पण काय करू, घोडा येतोच. रस्त्यावरची गोष्ट असली तरी येतो, भाजी चिरण्याची असली तरी येतो.

माझी थोरली लेक आज त्याच कचेरीच्या देखभालीची मुख्य आहे. छताचा रंग, खिडक्यांच्या रंगीत काचा, पितळी बिजागऱ्या, गळके नळ, कबुतरं, सगळं तिच्या अंगावर. घरी येते तेव्हा केसांत चुना असतो. त्या दिवशी संध्याकाळी मात्र हसत आली. ताटावर बसता बसताच म्हणाली, "आई, उद्या कपाट हलतंय."

माझा घास हातातच राहिला.

कपाट म्हणजे मोठ्या दालनातलं, कायद्याच्या पुस्तकांचं. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ते उघडताना मी कुणालाही बघितलं नाही. ते का हलतंय ते थोरलीने जेवता जेवता जावईबापूंना सांगितलं आणि मी ऐकलं. दालनातली जमीन जुन्या रंगीत सिमेंटच्या फरश्यांची. कडेने वेल, मधोमध फूल. पण इतक्या वर्षांत इतके पाय त्यावरून गेलेत, इतकं फिनेल ओतलं गेलंय, की सगळी राखेसारखी झालीय. शिवाय ठिकठिकाणी उचकटलेली. मागे एक म्हातारबाबा अर्ज द्यायला आले आणि फरशीच्या कोपऱ्याला अडखळून पडले, मनगट मोडलं. तेव्हापासून वरच्या साहेबांनी ठरवलं, ही जमीन उखडायची आणि गुळगुळीत पॉलिशचा दगड बसवायचा. त्यांना सगळेजण पाठीमागे चकचकीत साहेब म्हणतात. बूट चकचकीत, पेन चकचकीत, टक्कल चकचकीत. पण माणूस वाईट नाही. त्या म्हातारबाबांना त्यांनी स्वतः उचललं होतं.

थोरली अडून बसली होती. म्हणत होती की अशा फरश्या अजून बनवता येतात, एक कारागीर आहे, तुटलेल्या तेवढ्या बदलू. साहेब म्हणाले, बनवणार कशावरून? मूळ रंग कोणते होते ते कुणाला माहीत आहे? कारागीरही तेच म्हणत होता, मला खरा रंग दाखवा, राख बघून मी राखच बनवीन. तेव्हा भर बैठकीत थोरलीने सांगितलं, की कपाटाखालच्या फरशीवर कचेरी बांधल्यापासून एक पाऊल पडलेलं नाही. तिथे रंग जसाच्या तसा असणार. कपाट हलवा. तिथे रंग मिळाला नाही तर मी गप्प बसेन, खुशाल दगड घाला.

"शब्द दिलास?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर," ती म्हणाली आणि भात कालवायला लागली.

आता माझी पंचाईत काय झाली ते सांगते. माझे सासरे, आमचे मामंजी, त्याच कचेरीत फरशीवाले होते. त्यांच्यामागे आमचे हे. त्या फरश्यांचा कारखाना मामंजींच्या तरुणपणीच बंद पडला. दरवाजाजवळच्या फरश्या तर झिजतच होत्या, तिथून रोज सगळं गाव जायचं. नव्या आणायच्या कुठून? मग मामंजींनी एक पद्धत काढली. जिथे माणसाची नजर जाते तिथे लावायचं, जिथे जात नाही तिथून काढायचं. वाळवीचं औषध मारायला उन्हाळ्यात दालन बंद असायचं, कपाट रिकामं करून पुढे ओढलेलं असायचं. तेव्हा बापलेक खालच्या चार-दोन फरश्या हलक्या हाताने काढायचे आणि दरवाजाशी बसवायचे. पुढच्या उन्हाळ्यात आणखी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आणखी.

तुम्ही म्हणाल, ही कसली पद्धत? पण आमच्या घराण्यात सगळं असंच. सदऱ्याची कॉलर विटली की सासूबाई खोचलेल्या शेपटातून कापड काढून नवी कॉलर लावायच्या. आमच्या ह्यांचे सदरे वरून साहेबी आणि खालून झबल्याएवढे. वाकले की पाठ उघडी. बाहेरच्या खोलीची भिंत पिवळीधमक, पण लोखंडी कपाटामागे तिने रंग म्हणून बघितलेला नाही. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. हे तर अभिमानाने सांगायचे, सांगायचे म्हणजे मलाच, कारण बाहेर बोलायची सोय नव्हती, की कपाटाखाली आता काढायला काही उरलं नाही. थोरली तेव्हा बाहेरगावी शिकत होती. पुढे हे गेले आणि नंतर तिला ही नोकरी लागली. बापाचं कौतुक तिला होतंच. बाप फरश्या कुठून आणायचा, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही आणि मला कधी सांगायचं सुचलं नाही.

तर मी ताट बाजूला सारलं आणि सरळ सांगून टाकलं. अगं, कपाटाखाली काही नाही. वाळू आहे. कपाटाच्या पायांखालच्या तेवढ्या फरश्या ठेवल्यात, बाकी सगळ्या आजोबांनी आणि बाबांनी काढून दरवाजाशी लावल्या.

जावईबापू हसले. थोरलीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आई, आज नको."

मी शपथ घेतली. ती म्हणाली, गेल्या खेपेला छताच्या बाईने खाली उतरून शेजारच्या वहिनींना पत्ता विचारला, तेव्हाही तू शपथ घेतली होतीस. खरं होतं ते. म्हणजे शपथ घेतली होती हे खरं होतं. जावईबापू म्हणाले, आई, वाळूत काही पुरलेलं पण असेल ना, हंडा वगैरे? मी म्हटलं, तुम्ही जेवा.

मग मला बसवेना. धुतलेली भांडी परत धुतली. दाराची कडी लावली, काढली, लावली. थोरलीच्या खोलीशी दोनदा जाऊन आले. एकदा ती फोनवर कुणाला तरी सांगत होती की उद्या कारागिरालाही बोलावलंय, आणि दुसऱ्यांदा ती गुणगुणत उद्याचे कपडे काढून ठेवत होती, सणासुदीला काढतात तसे. तिला आणखी काय सांगणार? जन्मभर लांडगा आला रे आला केलं, आता खरा लांडगा उशाशी येऊन बसला तर कोण उठणार. अंथरुणावर पडले पण डोळ्याला डोळा नाही. नुसती कूस बदलत राहिले.

सकाळी ती निघाली आणि मागोमाग मीही निघाले. दारावरचा शिपाई मला ओळखतो. म्हणाला, काकू, आज काय नवीन? मी म्हटलं, आज काही नाही रे बाबा, आणि तो घाबरला. तब्येत बरी आहे ना, असं विचारत जिन्यापर्यंत आला.

दालनात कपाट रिकामं झालं होतं. पुस्तकांच्या चळती खिडकीपाशी रचलेल्या. खिडक्यांच्या रंगीत काचांतून उजेड येऊन त्यांच्यावर हिरवे-तांबडे ठिपके पडले होते. मुकादम आणि त्याची माणसं कपाटाच्या खाली पहारी घालायच्या तयारीत. कारागीर एका बाकावर रंगांच्या डब्या मांडीवर घेऊन बसला होता. चकचकीत साहेब आले होते आणि घड्याळ बघत होते. माझी थोरली सगळ्यांच्या मधे, दोन्ही हात कमरेवर, चेहरा असा की जणू आता पडदा वर जाणार आणि टाळ्या पडणार.

मुकादमाने पहार आत सरकवली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा, मनोरा पडेल."

सगळे वळले. मुकादमाने विचारलं, कसला मनोरा? मग काय, जीभ सुटलीच माझी. म्हटलं, घड्याळाचा मनोरा, दुसरा कुठला? हे कपाट इथे आलं तेव्हा ते ओढायला घोडे जुंपले होते. जिन्यावरून वर आणलं. पुढचा घोडा तर इतका हुशार की वळणावर थांबून मागच्यांना वाट सांगायचा. कपाट या भिंतीला टेकलं आणि अख्खी कचेरी या अंगाला कलली. टेबलावरच्या दौती घरंगळल्या, मोठे साहेब खुर्चीसकट भिंतीला जाऊन चिकटले. मग तोल सावरायला दुसऱ्या अंगाला घड्याळाचा मनोरा बांधला. मुळात घड्याळ कुणाला हवं होतं? कचेरीत वेळ कोण बघतं? आता तुम्ही हे कपाट हलवा, पण मनोरा कुठल्या बाजूला जाईल ते मी सांगू शकत नाही. खाली भाजीवाल्या बसतात.

एक माणूस खरंच खिडकीशी जाऊन मनोरा बघून आला. मुकादमाने पहारीवरचा हात काढला. साहेबांना हसू येत होतं, पण ते म्हणाले, "आजी, नकाशात तसं काही दिसत नाही."

"नकाशा नंतर काढला," मी म्हटलं.

साहेबांच्या कपाळावर आठी आली. वजनाचं बघून घ्यायला हवं का, असं ते मुकादमाला हळूच विचारायला लागले. माझा जीव भांड्यात पडत होता. आणखी थोडं ढकललं असतं तर आजचं काम टळलं असतं. पण थोरली माझ्याकडे बघत होती. चिडून नाही, वेगळंच. तिचे हात कमरेवरून खाली आले होते. ती आली, माझ्या कोपराला धरलं आणि मला पुस्तकांच्या चळतीमागे नेलं.

"घोडा आणलास," ती म्हणाली.

"आणला."

"काल रात्री नव्हता."

"नव्हता गं."

तिने एका पुस्तकावरची धूळ बोटाने पुसली, मग दुसऱ्या पुस्तकावरची.

"सगळी वाळू?"

"पाय सोडले तर सगळी."

"बाबांनी?"

"आजोबांनी सुरू केलं. बाबांनी संपवलं."

मी तिला म्हटलं, हे बघ, साहेब डळमळलेत. कुणीतरी इंजिनिअर येऊन मनोरा बघून जाऊ दे, त्यात आठवडा तरी निघेल. तोवर काही सुचेल. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मला वाटलं, ऐकते. डोळे पुसल्यासारखं केलं तिने. मग म्हणाली, "आणि पुढच्या आठवड्यात कुठला घोडा आणशील?"

आणि ती परत गेली. साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, मी शब्द दिला तो चुकीचा होता. कपाटाखाली फरशी नाही. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी ती काढून दरवाजाशी लावली आहे. मला हे आत्ता कळलं."

कारागिराने डब्या बंद केल्या. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, ठीक आहे, मग प्रश्नच मिटला, दगडवाल्यांना कळवून टाकतो. त्यांनी खिशातून फोन काढलासुद्धा. थोरली म्हणाली, कळवा, पण कपाट हलवूनच कळवा. जे आहे ते सगळ्यांनी बघू दे. मुकादमाने आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हलव बाबा, मनोऱ्याला काही होत नाही.

कपाट करकरत पुढे आलं. खाली वाळू. वाळूत एक पेन्सिलीचं थोटूक, एक बटण आणि कोळ्यांची वसाहत. पायांखालच्या फरश्या होत्या, पण वजनाने फुटलेल्या, आणि कपाटाच्या लोखंडी बुडाचा गंज पिऊन पिऊन वरून तपकिरी पडलेल्या. साहेबांनी वाकून बघितलं आणि सरळ होत म्हणाले, याला चोरी म्हणतात. मला असा राग आला म्हणून सांगू. हे गेले, त्यांच्या मागे असा शब्द? मी तोंड उघडणार तेवढ्यात थोरली बोलली.

"चोरीचा माल बाहेर जातो, सर. ही बाहेर गेलेली नाही. तुम्ही तिच्यावर पाय देऊनच आत आलात."

साहेबांनी चटकन एक पाय उचलला. मग काय करावं ते न सुचून परत ठेवला.

ती मात्र तोवर वाळूत उकिडवी बसली होती. कपाटाच्या पायाखालचा एक फुटका तुकडा तिने हातात घेतला आणि तो उलटा-सुलटा करायला लागली. वरून गंज. तुटलेल्या कडेतही गंज मुरलेला, पण त्या कडेकडेच ती टक लावून बघत होती. मग उठली, मुकादमाच्या हातातली छिन्नी घेतली आणि दरवाजाकडे गेली. जाता जाता मला विचारलं, यांतल्या बाबांनी लावलेल्या कुठल्या? मी जागा दाखवली. उंबऱ्याला लागून, आमच्या ह्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातल्या.

चांगल्या कपड्यांनिशी ती जमिनीवर बसली आणि सांध्यातून छिन्नी फिरवायला लागली. मी तर जागेवर उभी राहू शकत नव्हते, या पायावरून त्या पायावर. ती फरशी फुटली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. बाप काढायचा तशीच ती काढत होती, घाई न करता, कडेकडेने, आणि तिला हे कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. शेवटी फरशी सुटली. वरून राखच. पण तिने ती उभी धरली आणि कडेवरचा चुना पदर नव्हता म्हणून बाहीनेच पुसला.

या फरश्यांवर रंग नुसता फासलेला नसतो हो, नखभर जाडीचा थर असतो. वरून पायांनी झिजतो, उन्हाने विटतो. पण सांध्यात दडलेल्या कडेला ना पाय लागतो ना ऊन. त्या कडेवर निळ्या रंगाची एक रेघ होती. मोराच्या मानेसारखी. मधेच जिथे वेलीची कळी कडेपर्यंत आलेली, तिथे तांबडा ठिपका.

साहेबांनी फरशी तिच्या हातातून घेतली. स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र रुमालाने परत पुसली, रुमाल खराब झाला. खिडकीशी नेली. "हा असा निळा होता?" असं ते म्हणाले, पण कुणाला ते कळलं नाही. मग त्यांनी खाली बघितलं, सगळ्या दालनभर, दरवाजापासून त्या वाळूपर्यंत, आणि बराच वेळ बघत राहिले. कारागीर न बोलावता उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता आणि डब्या उघडत होता.

साहेब असे लगेच हरणारे नव्हेत. त्यांनी ठरवून दिलं, की कपाट आता परत तिथे जायचं नाही. कारागिराने त्या वाळूच्या जागी नव्या फरश्या बसवायच्या, आणि मग त्यावरून माणसं चालवून बघायची. एक जरी अडखळला तर दगड. थोरलीने मान हलवली. मला वाटलं, आता ती हसेल. हसली नाही. म्हणाली, अडखळणार नाहीत, आणि काढलेली फरशी परत तिच्या जागी बसवायला बसली.

आम्ही दोघी निघालो, ती पुढे, मी मागे. जिन्यावर अर्ध्यात आल्यावर म्हणाली, "आणखी कुठे कुठे?"

मी म्हटलं, काय कुठे?

"आई, आणखी कुठून काय काढलंय?"

आता बघा, जन्मात पहिल्यांदा ती मी सांगेन ते खरं धरणार होती, आणि माझी जीभ अशी वळवळत होती की बस. पण दाबली. म्हटलं, मागच्या जिन्याचे कठड्याचे खांब मोजू नकोस. पुढच्या जिन्याला लागलेत. कोठीच्या खोलीच्या रंगीत काचा? त्या नाहीत, तिथे कागद आहे, मोठ्या दालनात खालून तिसरी ओळ बघ. मोठ्या आरशाच्या चौकटीला मागे सोनेरी वर्ख होता, तो आता पुढे आहे. प्रत्येक वाक्याला तिचं तोंड आणखी पडत होतं. एका पायरीवर ती कठड्याला धरून थांबली आणि हात पटकन सोडला, कठडा कुठून आलाय कोण जाणे म्हणून असेल.

खाली दारापाशी कोनाड्यात तो संगमरवरी पुतळा उभा आहे, दाढीवाला. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. हा तरी?

"त्याला पाठ नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आधी नाक तुटलं. मग दोन बोटं गेली. मग दाढीचं टोक. तसला दगड आणायचा कुठून? कोनाड्यात उभा, पाठ कोण बघतंय?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुतळ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी काही शपथबिपथ घेतली नाही. म्हटलं, जाऊन बघ.

तिने खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि कोनाड्यात आडवी शिरायला लागली. शिपाई धावत आला, मॅडम काय हरवलं म्हणून. मी पिशवीतला मोबाईल काढून त्याचा दिवा लावला आणि तिच्या मागे गेले. तिथे एकटीला दिसणार नाही काही, अंधार फार. आणि खरं सांगायचं तर, तो कितपत उरलाय हे मलाही बघायचं होतं.